जंतूंचा उपास

सुई टोचली तेव्हा देब्रितूला दुखलंसुद्धा नाही. डास चावावा तेवढंच. डाव्या अंगठ्यावर, हातमोज्याच्या आत, एक लाल ठिपका दिसला आणि तो फुगत गेला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण सिरिंजचं टोपण परत बसवत होतो. भरलेल्या सुईला टोपण परत बसवायचं नाही, हे गोंदर शहरातल्या त्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर तिनेच मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं. बारा वर्षं ती नव्या पोरापोरींना त्याच कागदाकडे बोट दाखवून झापत आली होती.

झोप झाली नव्हती, दुसरं काय. पंचावन्न दिवसांचा उपास संपून कालच फासिकाचा, म्हणजे ईस्टरचा, सण झाला होता. शनिवारची रात्र देवळात उभं राहून गेली, रविवार पाहुण्यांच्या सरबराईत गेला, आणि सोमवारी सकाळी ही बाई डोळे चोळत कामावर हजर. सिरिंजमध्ये काळ्या आजाराचे जिवंत जंतू होते. सात दिवस बाटलीत वाढवलेले. ते पिंजऱ्यातल्या हॅमस्टरला टोचायचे होते, पण हॅमस्टरच्या आधी तिचाच नंबर लागला.

तिने हातमोजा ओरबाडून काढला, अंगठा नळाखाली धरला, दाबून दाबून रक्त काढलं, साबण लावला, परत धुतलं. हात शिकवल्याप्रमाणे काम करत होते. डोकं मात्र एकाच गोष्टीभोवती फिरत होतं: सातवा दिवस.

हे सातव्या दिवसाचं काय ते सांगायला हवं. काळ्या आजाराचे जंतू वाळूमाशीच्या पोटात वाढतात, आणि तिच्या पोटाऐवजी बाटलीत ठेवले तरी त्यांचा क्रम तोच राहतो. ताज्या पोषक द्रवात सोडले की पहिले तीन-चार दिवस ते नुसते खातात आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतात. तेव्हा ते जाडे, सुस्त असतात, शेपट्या एकमेकांत अडकवून घोळक्याने लोळतात. त्या वयात माणसाच्या अंगात शिरले तर त्यांचा टिकाव लागणं कठीण, आपलं रक्तच त्यांना संपवतं. मग बाटलीतलं अन्न सरतं, द्रव आंबट होतो, आणि उपासमारीने त्यांचं रूप पालटतं. अंग बारीक होतं, शेपटी लांब होते, वाढायचं थांबतं, आणि अंगावर असं आवरण येतं की आपलं रक्त त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. हे व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे टोचून घ्यायला याहून वाईट दिवस तिला शोधून सापडला नसता.

काळा आजार म्हणजे काय हे तिने पुस्तकात वाचलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ तीळ कापायला मेतेमाच्या रानात गेला होता. परत आला तो काडीसारखे हातपाय आणि नगाऱ्यासारखं पोट घेऊन, आणि दोन महिन्यांत गेला. त्यानंतरच ती या कामाला लागली होती.

आणि तिच्या पोटात तिसरा महिना होता.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यात दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दोन्ही वेळा तिने आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मग सगळ्यांची कीव झेलली होती. ती कीव तिला दुखण्यापेक्षा जास्त लागली. या खेपेला नवरा गेत्नेत सोडून कुणाला पत्ता नव्हता. गरोदर बाईने जिवंत जंतूंच्या टेबलावर बसायचं नाही हा इथला नियम. नियम पाळायचा तर सांगावं लागणार, सांगितलं की तोंडोतोंडी होणार. फासिका होऊ दे, मग सांगू, असं ती रोज स्वतःला बजावत होती. फासिका झाला होता आणि तिचा अंगठा नळाखाली होता.

"डॉक्टर!" तिने हाक मारली. आवाज आपला वाटेना.

डॉक्टर सोस्ना प्रयोगशाळेची प्रमुख. वय बत्तीस, देब्रितूहून सहा वर्षांनी लहान, पण चष्म्यावरून बघितलं की मोठमोठे चूप बसत. ती आली, अंगठा बघितला, टेबलावरची सिरिंज बघितली, शेजारी पडलेलं टोपण बघितलं. भिंतीवरच्या कागदाकडे तिने बघितलं नाही. तेवढी माणुसकी तिने दाखवली.

"कुठली बाटली? कुठलं कल्चर?"

"मंगळवारी लावलेलं."

"म्हणजे आज..."

"सातवा दिवस."

सोस्नाने तिचा अंगठा परत हातात घेतला. मग म्हणाली, "घाबरू नका. सगळ्यांनाच काही लागण होत नाही. आणि झालीच तर औषध आहे, आपल्या हाताखालून शेकडो माणसं बरी होऊन गेलीत." एरवी ती इतक्या मऊ आवाजात कधी बोलत नसे, म्हणून देब्रितू जास्तच घाबरली. औषध तिला ठाऊक होतं. सतरा दिवस, रोज दोन सुया, आणि पोटुशा बाईला ते देत नाहीत. दुसरं सलाइनमधून देतात ते मिळालं तरी आजारच आतल्या जिवापर्यंत पोचला तर काय, याचं उत्तर वॉर्डात कुणी छातीठोकपणे देत नसे. तिने विचारलंही नाही. विचारलं असतं तर का विचारलं ते सांगावं लागलं असतं.

"बाटली द्या," सोस्ना म्हणाली. "थेंबात किती होते ते मोजून ठेवू. नोंद करावी लागेल."

देब्रितूने बाटली उचलली आणि सवयीने खिडकीकडे धरली. हे तिने सकाळी करायला हवं होतं. सकाळी लेबल वाचलं, तारीख बघितली, आणि रंग बघायचा राहून गेला होता. तिने बाटली खाली घेतली. परत वर धरली.

"डॉक्टर, हे बघा बरं."

"काय?"

"रंग बघा."

पोषक द्रवात एक रंग घातलेला असतो. ताजा असतो तेव्हा द्रव लालसर गुलाबी दिसतो, जंतूंनी खाऊन आंबट केला की पिवळा पडत जातो. सात दिवसांची बाटली लिंबाच्या सालीसारखी दिसायला हवी. ही खिडकीत गुलाबी चमकत होती.

"बाटल्यांची अदलाबदल झाली," सोस्ना म्हणाली.

"लेबल माझं आहे. अक्षर माझं आहे."

"मग बिघडलीय. दुसरंच काही वाढलंय आत."

"दुसरं काही वाढलं असतं तर आणखी लवकर पिवळी झाली असती, आणि गढूळ."

सोस्नाने मान हलवली. ते खरंच होतं. देब्रितूने तिची वाट न बघता काचेवर एक थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी तिला नीट दिसेचना. मग दिसलं. जाडेजाडे, आळशी, शेपट्या एकमेकांत गुंतवून घोळके करून बसलेले. सुट्टीच्या दिवशी कॉफीला जमून उठायचं नाव न काढणाऱ्या बायकांसारखे. कडेने एखादा सुटा होता, तोही रमतगमत चाललेला. पिकलेले जंतू असे नसतात. ते डोळ्यासमोरून सुळकन निघून जातात, काच सरकवून त्यांच्या मागे धावावं लागतं.

"हे कच्चे आहेत," ती म्हणाली. "डॉक्टर, हे सगळे कच्चे आहेत."

सोस्नाने बघितलं. बराच वेळ बघितलं. "दिसतायत कच्चे," ती म्हणाली, "पण या गोष्टीत मी डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही. तुमच्या बाबतीत तर नाहीच. मोजूनच काय ते बोलू."

मोजायची रीत मजेशीर आहे. शेंगदाण्यातून काढलेलं एक द्रव्य असतं. ते कच्च्या जंतूंच्या अंगाला चिकटतं आणि त्यांचे गोळे होऊन तळाशी बसतात. पिकलेल्यांचं आवरण वेगळं, त्यांना ते चिकटत नाही, ते वर मोकळे राहतात. अर्धा तास थांबायचं आणि वर किती राहिले ते मोजायचं. सोस्नाने नळीत दोन्ही मिसळलं, गजर लावला, आणि दोघी त्या नळीकडे बघत बसल्या. असा अर्धा तास शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

पंचवीसेक मिनिटं गेली असतील, तोवर दारात गाशे मेकुरिया उभे. खांद्यावर पांढरी शाल, हातात कापडात बांधलेला डबा.

"सण होऊनही तोंडं उपाशीच का दिसतायत?" ते दारातूनच म्हणाले. "बायकोने कोंबडीचं दोरो वट दिलंय. तेरा अंडी घातलीत त्यात. चला, हात धुवा."

गाशे म्हणजे काका; मेकुरियांना सगळे तसंच म्हणत. ते प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं होते. काचेची भांडी धुणं, ससे आणि हॅमस्टर सांभाळणं, पोषक द्रव तयार करणं ही त्यांची कामं. त्या द्रवाला ते रस्सा म्हणत. रोग्यांच्या अंगातून काढलेले जंतू बाटल्यांत जगते ठेवणं हेही काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं, आणि त्यांच्या हातून एकही बाटली मेली नव्हती याचा त्यांना कोण अभिमान. समोर आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. देब्रितू गेले दोन महिने त्यांच्या डब्यापासून पळत होती, कारण वासाने मळमळे.

सोस्नाने खुर्ची वळवली. "गाशे, या बाटलीला कुणी हात लावला?"

"कुणी म्हणजे?" गाशेंनी डबा खाली ठेवला. "सुट्टी होती. कोण येणार?"

"तुम्ही आला होतात."

"मी आपला सशांना गवत टाकायला आलो होतो. शनिवारी."

"आणि?"

"आणि कपाट उघडून नुसतं बघितलं."

"गाशे."

"रस्सा पिवळा पडत चालला होता, डॉक्टर!" गाशेंचा बांध फुटला. "अख्खं गोंदर दुसऱ्या दिवशी कोंबडी खाणार, देवळाबाहेरच्या भिकाऱ्याच्या हातावरसुद्धा तुकडा पडणार, आणि माझ्या ताब्यातले तेवढे उपाशी? माझ्याच्याने बघवेना. थोडे ठेवले, बाकीचं औषधात मारून ओतून दिलं, ताजा रस्सा भरला. गुरुवारीही भरला होता. पण गुरुवारी निम्माच."

"गुरुवारीही!"

"निम्माच."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"हात लावायचा नाही."

"का नाही लावायचा?"

"उपाशी ठेवले की ते मोठे होतात म्हणून." गाशे भिंतीकडे बघत म्हणाले. "खरं सांगू? मला ते पटलंच नाही. चार पोरं वाढवली मी. उपाशी ठेवून कुणी मोठं होतं का? म्हटलं, डॉक्टर तरुण आहेत, पुस्तकात काहीतरी छापून आलं असेल. वीज जायची तेव्हा या बाटल्या शालीत गुंडाळून छातीशी धरून बसलोय मी. तेव्हा ना पुस्तक आलं ना कोण आलं."

देब्रितूच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, तिलाही कळलं नाही. गाशेंनी चमकून बघितलं, आणि आता कुठे त्यांना तिच्या अंगठ्यावरची पट्टी दिसली. मग टेबलावरची सिरिंज. मग ती बाटली. म्हातारा मटकन स्टुलावर बसला.

"पोरी," ते म्हणाले, "यातलं टोचलं?"

"यातलंच, गाशे."

"माझ्यामुळे काही झालं का? मी खाऊ घातलं म्हणून ते माजले का? अगं, बोल की!"

गजर वाजला तेव्हा तिघेही दचकले. सोस्नाने नळीच्या तळाशी बसलेला पांढरा गोळा उजेडात धरून बघितला, वरचं पाणी घेतलं, मोजायच्या काचेवर सोडलं आणि डोळा लावला. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. मग देब्रितूला मोजायला सांगितलं, कारण मोजण्यात देब्रितूचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

दोनशेमागे तीन. नीट वाढलेल्या सातव्या दिवसाच्या बाटलीत तिने अनेकदा ऐंशी मोजले होते.

"नाहीच असं मी म्हणणार नाही," सोस्ना म्हणाली, आणि चष्मा काढून पुसायला लागली. "सुईच्या टोकावर राहतं किती, त्यात हे तीन. वरून लगेच धुतलंत. वर्षभर रक्त तपासत राहू. पण आज रात्री मी झोपणार आहे. तुम्हीही झोपा."

देब्रितूने डोकं टेबलावर टेकलं. मानेतला ताठा उतरला, खांदे उतरले. सुटलो. सुटलो आपण. हा एकच शब्द तिच्या आत फिरत राहिला आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. तिने ते पुसलं नाही.

सोस्नाने अपघाताची वही काढली. "आता हे लिहायचं कसं? गाशे, नियमाने तुमच्यावर कारवाई करायला हवी. आठवड्याचं काम तुम्ही मातीत घातलंत. आणि मला तर तुमच्या पाया पडावंसं वाटतंय. एका पानावर दोन्ही कसं बसवू?" ती लिहायला लागली. "तारीख. वेळ. सुई टोचली. बाधित व्यक्ती, एक."

"दोन लिहा," देब्रितू म्हणाली.

"दुसरं कोणाला टोचलं?"

"टोचलं मलाच." तिने डोकं वर केलं. "तिसरा महिना आहे, डॉक्टर."

पेन थांबलं. सोस्नाच्या चेहऱ्यावर आधी राग आला, चांगला लालबुंद राग. तीन महिने ही बाई आपल्या डोळ्यांदेखत त्या टेबलावर बसत होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात गाशे स्टुलावरून उठले, आणि त्यांचा आवाज त्या खोलीत आजवर कुणी इतका चढलेला ऐकला नव्हता.

"तिसरा महिना? आणि तू उपास धरलास? पंचावन्न दिवस? दूध नाही, अंडं नाही, दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही! चर्चचा पाद्रीसुद्धा पोटुशीला माफ करतो, बये! माझ्या डब्याला नाकं मुरडत होतीस ती यासाठी?"

"उपास सोडला असता तर सगळ्यांना कळलं असतं, गाशे."

"कळू दे की! मी इथे जंतूंच्या उपासाने तीळतीळ तुटतोय, आणि इथेच माझ्या समोर बसून..." शालीचं टोक डोळ्यांना लावून ते भिंतीकडे वळले.

सोस्नाने वहीत एक खोडून दोन केलं. मग उठून तिने देब्रितूला घट्ट मिठी मारली, आणि मिठीतच बजावलं, "आजपासून या टेबलाला शिवायचं नाही. ऑफिसात बसून हिशेबाच्या वह्या लिहा. आणि इतके दिवस लपवलंत त्याबद्दल मी तुम्हाला नंतर बोलणार आहे. अगदी सविस्तर."

"बोला," देब्रितू म्हणाली. तीन महिने ज्या गोष्टीची तिने धास्ती घेतली होती ती होऊन गेली होती, आणि तिला छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. त्या दुपारी तिने दोन अंडी खाल्ली. मळमळलं नाही.

पुढे वर्षभर तिचं रक्त तपासलं आणि ते दर वेळी स्वच्छ निघालं, हे आताच सांगून टाकतो. उगाच कुणाच्या जिवाला घोर नको.

नवी बाटली मंगळवारी सोस्नाने स्वतः लावली. गाशेंनी आपण होऊन सांगितलं की कपाटाला कुलूप घाला, माझ्या हाताचा मला भरवसा नाही. किल्ली देब्रितूकडे आली. गाशे रोज सकाळी ऑफिसात येत, तिच्यासमोर काहीतरी खायला ठेवत आणि ती खाईपर्यंत उभे राहत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलंच.

"पिवळा झाला असेल नाही गं?"

"झाला असेल."

"चमचाभर घातला तर?"

"नाही, गाशे."

"बरं. तू आंबील संपव."

सातव्या दिवशी सोस्नाने आतून काच ठोठावली. देब्रितूला आत यायची बंदी, म्हणून सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा तिने काचेकडे वळवला होता. देब्रितू आणि गाशे बाहेरून बघत उभे राहिले. पडद्यावर घोळके नव्हते. बारीक, लांब शेपटीचे जंतू या कडेपासून त्या कडेपर्यंत सुसाट धावत होते, एक दिसेपर्यंत दुसरा, दुसरा दिसेपर्यंत तिसरा. त्यांना कुठेतरी पोचायची घाई होती. देब्रितूच्या अंगावर काटा आला. गेल्या सोमवारी सुईच्या टोकावर हे असायचे होते.

गाशे पडद्यापासून एक पाऊल मागे सरले. "हे माझे नव्हेत," ते म्हणाले. "उपाशी ठेवले की असे होतात? माझ्या हातून हे जन्मात झालं नसतं."

देब्रितूने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने त्यांची शाल धरली.

"म्हणून तर आम्ही दोघं इथे उभे आहोत, गाशे," ती म्हणाली.